बोटीचे इंजिन, स्टर्नड्राइव्ह आणि सातपूरला बनवलेला एक बार

नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये येणारी कामे साधारण ठरलेली असतात. द्राक्षबागांच्या ब्लोअरचे शाफ्ट, पंपांचे घासलेले बुश, आसपासच्या कारखान्यांची जिग-फिक्श्चर, आणि कुणाचे तरी काहीतरी तुटलेले, जे नेहमीच आजच्या आज हवे असते. त्यामुळे गेल्या मे महिन्यात एक मित्र ट्रेलरवर एकोणीस फुटी फायबरची बोट लादून दारात उभा राहिला, तेव्हा शेजारच्या गाळ्यांतली मंडळी चहाचे ग्लास हातात घेऊन बाहेर आली आणि प्रत्येकाने बोटीला एकदा हात लावून पाहिला.

मित्र पर्यटकांना जलाशयावर फिरवण्याचा व्यवसाय करतो. ही बोट त्याने मुंबईहून जुनी घेतली होती. आत 4.3 लिटरचे व्ही-6 पेट्रोल इंजिन आणि मागे अल्फा वन जातीचा स्टर्नड्राइव्ह, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावलेला गिअर आणि पंख्याचा पाय. त्याची तक्रार अशी की, एका हंगामात दोन कपलर, म्हणजे इंजिनाची ताकद ड्राइव्हच्या शाफ्टला देणारे रबरी जोड, गेले. दोन्ही वेळा एकच प्रकार घडला: आधी वळण घेताना मागून घरघर ऐकू येई, मग जळक्या रबराचा वास येई, आणि शेवटी एके दिवशी भर पाण्यात इंजिन मोकळे सुटल्यासारखे गरजू लागे, बोट मात्र जागची हलत नसे. दुसऱ्या वेळी बोटीत एक कुटुंब बसलेले होते आणि त्यांना दोरीने ओढून काठाला आणावे लागले. कपलर बदलायचा म्हणजे इंजिन जागेवरून सोडवून पुढे घ्यावे लागते, कारण हा भाग फ्लायव्हीलला बोल्टने बसवलेला असतो. म्हणजे प्रत्येक वेळी दोन-तीन दिवसांची मजुरी आणि बाहेरून मागवलेल्या भागाची किंमत असा दुहेरी भुर्दंड. दोन्ही वेळा ज्याने काम केले त्याने कपलर व्यवस्थित बसवला होता, यात शंका नाही. कपलर का गेला, हे मात्र त्याने विचारले नव्हते, आणि माझ्या मते सगळी चूक तिथेच होती.

बोटीच्या इंजिनाशी माझा संबंध त्याआधी जवळपास नव्हता, हे सांगितलेले बरे. पण मोटार आणि पंप एका रेषेत बसवण्याचे काम मी पंचवीस वर्षे करतो आहे, आणि दोन फिरत्या वस्तूंची सेंटर जुळलेली नसतील तर मधला भाग मरतो, हा नियम पाण्यावर बदलत नाही.

स्टर्नड्राइव्हची रचना ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. साध्या इनबोर्ड बोटीत इंजिन बोटीच्या पोटात असते आणि तिथून एक सरळ शाफ्ट तळातून बाहेर पडून पंख्यापर्यंत जातो. आउटबोर्डमध्ये सगळे इंजिनच मागे बाहेर टांगलेले असते. स्टर्नड्राइव्ह हा या दोन्हींच्या मधला मार्ग आहे: इंजिन आत, अगदी मागच्या उभ्या भिंतीला म्हणजे ट्रान्समला टेकून, आणि भिंतीच्या बाहेर गिअर व पंख्याचा पाय, जो डावीकडे-उजवीकडे वळतो आणि वर-खालीही होतो. व्होल्वो पेंटाने जिम विन नावाच्या अमेरिकी अभियंत्याच्या कल्पनेवरून 1959 मध्ये ॲक्वामॅटिक या नावाने हा प्रकार बाजारात आणला आणि 1961 मध्ये मर्क्रूझर हा दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह त्याच्या मागोमाग आला. आज साठ-पासष्ट वर्षांनंतरही मूळ मांडणी तीच आहे, आणि मांडणी तीच असल्याने दुखणीही तीच आहेत.

आता शक्ती आतून बाहेर कशी जाते ते पाहू. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर कपलर असतो. त्याच्या मधोमध आतून दाते पाडलेले भोक म्हणजे स्प्लाइन, आणि त्या मधल्या भागाभोवती झटके शोषण्यासाठी रबर. ड्राइव्हचा शाफ्ट या स्प्लाइनमध्ये घुसतो. पण त्याआधी तो ट्रान्समवर बसवलेल्या एका बेअरिंगमधून येतो. त्याला गिंबल बेअरिंग म्हणतात. या बेअरिंगच्या मागे, म्हणजे पाण्याच्या बाजूला, दोन क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) असलेला सांधा असतो आणि तो सांधा ड्राइव्ह वळला किंवा उचलला गेला तरी फिरत राहतो.

इथेच बहुतेकांची समजूत चुकते, आणि माझ्या मित्राचीही तीच चुकली होती. तो म्हणाला, “अरे, मागे दोन-दोन क्रॉस आहेत, पुढे रबर आहे, मग थोडे सेंटर इकडे-तिकडे असले तर काय बिघडते?” ऐकायला हे अगदी पटण्यासारखे आहे. आपल्या द्राक्षबागेतला ब्लोअर ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागे ताकद देणाऱ्या शाफ्टवर, असाच क्रॉसच्या शाफ्टने चालतो. ट्रॅक्टर खड्ड्यात गेला, ब्लोअर बांधावर चढला, तरी क्रॉस सगळे सांभाळून घेतो. पण ब्लोअरच्या शाफ्टला दोन क्रॉसच्या मध्ये कुठेही पक्के बेअरिंग नसते. स्टर्नड्राइव्हमध्ये दोन्ही क्रॉस गिंबल बेअरिंगच्या मागे आहेत. बेअरिंगपासून कपलरपर्यंतचा जो वीतभर शाफ्ट आहे, तो एकसंध, सरळ आणि ताठ आहे. त्याचे एक टोक ट्रान्समवरच्या बेअरिंगने धरलेले आणि दुसरे इंजिनावरच्या कपलरने. या दोन आधारांपैकी एक जागेवरून सरकला की शाफ्टला वाकण्याखेरीज मार्ग नाही आणि तो वाकत नाही, त्यामुळे दर फेऱ्याला कपलरचे रबर दाबले जाते आणि सुटते, स्प्लाइनचे दाते एकमेकांवर पुढे-मागे घासतात, आणि बेअरिंगवर एका बाजूने सतत जोर येतो. मिनिटाला तीन-चार हजार फेऱ्यांनी हे चालले तर रबर किती दिवस टिकेल, ते सांगायला अभियंता लागत नाही.

हे सेंटर तपासायचे साधन म्हणजे अलाइनमेंट बार. दिसायला अगदी साधा, टप्प्याटप्प्याने बारीक होत गेलेला पोलादी दंडगोल. ड्राइव्ह काढून टाकायचा, त्याच्या शाफ्टच्या जागी हा बार बाहेरून गिंबल बेअरिंगमधून आत सरकवायचा आणि त्याचे टोक कपलरच्या स्प्लाइनमध्ये बसते का ते पाहायचे. दोन बोटांनी धरून तो सहज आत गेला आणि तसाच सहज बाहेर आला तर सेंटर ठीक. मुंबईहून बार मागवला असता तर आठवडा गेला असता आणि मित्राची सुट्टीची गर्दी निघून गेली असती, शिवाय लेथ समोर असताना गोल बार विकत घ्यायचा हे माझ्या स्वभावात बसत नाही, म्हणून आम्ही तो बनवायचे ठरवले.

बनवताना मी एक चूक केली. ड्राइव्हचा शाफ्ट बेअरिंगमध्ये जिथे बसतो तिथला व्यास मायक्रोमीटरने मोजला, बेअरिंगचे भोक टेलिस्कोपिक गेजने मोजले, आणि नेहमीच्या सवयीने बार भोकाला अगदी चपखल, पॉइंट झिरो वनच्या आसपास फटीने बसेल असा टर्न केला. टूलरूमच्या माणसाला घट्ट बसणारी वस्तू आवडते. पण हा बार बेअरिंगमध्येच इतका आवळून बसू लागला की पुढे कपलर काय म्हणतो आहे ते हाताला कळेचना. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा लेथवर चढवला आणि ड्राइव्हच्या मूळ शाफ्टचा व्यास जेवढा होता तेवढाच ठेवला, ना कमी ना जास्त. पुढचे टोक कपलरच्या दात्यांच्या माथ्यांमध्ये सरकेल एवढे साधे गोल ठेवले. त्याला दाते पाडायची गरज नसते. मटेरियल ईएन-8 जातीचे पोलाद, टोकाची कड तिरपी कापलेली, आणि पृष्ठभाग एमरी पेपरने चकचकीत केलेला, कारण ओरखडे असलेल्या बारवर ग्रीसचे ठसे नीट वाचता येत नाहीत.

ड्राइव्ह काढताना दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. बॅटरीची वायर आधी सोडवायची. अल्फा जातीच्या ड्राइव्हमध्ये गिअर पुढच्या चालीत टाकूनच तो काढायचा आणि तसाच परत बसवायचा, नाहीतर शिफ्टचा आतला सांधा जुळत नाही आणि माणूस अर्धा दिवस डोके आपटत बसतो. मग ट्रिमचे, म्हणजे ड्राइव्ह वर-खाली करणारे, दोन्ही सिलिंडर मागून सोडवायचे, ड्राइव्ह ज्यावर बसतो त्या बेल हाउसिंगवरचे सहा नट काढायचे, आणि ड्राइव्ह सरळ मागे ओढायचा. वजन बरेच असते. आम्ही चेन कप्पीला पट्टा लावून तो अधांतरी धरला. आमचे जुने फिटर मामा, जे माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्याकडे आहेत, त्यांनी तो हळूहळू मागे घेतला आणि शाफ्ट बाहेर येताच म्हणाले, “भाऊ, हे बघा, काजळ.” बेलोच्या आतल्या बाजूला आणि शाफ्टवर काळी बारीक पूड बसलेली होती. बोटांत चोळल्यावर ती चिकट लागली. ते काजळ नव्हते. ते कपलरचे रबर होते, आणि हा तिसरा कपलर बसवून जेमतेम महिना झाला होता.

बेलो म्हणजे रबराची घडीदार नळी, जी क्रॉसच्या सांध्याभोवती असते आणि पाणी आत येऊ देत नाही. ती शाबूत होती. हे पाहणे महत्त्वाचे, कारण बेलो फाटून पाणी शिरले असते तर गिंबल बेअरिंग गंजून घरघरले असते आणि सगळा दोष त्याच्यावर टाकून आम्ही मोकळे झालो असतो. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवले तर किंचित खरखर लागली, पण गंज नव्हता. पाणी नाही, तरी बेअरिंग खराब होऊ लागले आहे, याचा अर्थ त्याच्यावर एका बाजूने जोर येत होता. ते आम्ही बदललेच.

नवे बेअरिंग बसवल्यावर पहिल्यांदा बार घातला तर तो कपलरच्या तोंडाशी जाऊन ठणकन थांबला. मामांचा हात लगेच हातोडीकडे गेला. त्यांना मी थांबवले, पण खरे तर या टप्प्यावर हातोडीचे एक काम असते, फक्त ते बार आत ठोकण्याचे नसते. गिंबल बेअरिंगची बाहेरची रिंग आतून चेंडूसारखी गोलाकार असलेल्या बैठकीत बसते, जेणेकरून बेअरिंग थोडे कलू शकेल. नवे बेअरिंग ठोकून बसवताना ते हमखास एका बाजूला कललेले राहते आणि मग इंजिन कितीही बरोबर असले तरी बार चुकीच्या दिशेला रोखून बघतो. म्हणून बार बेअरिंगमध्ये ठेवून त्याच्या बाहेर आलेल्या भागावर लाकडी हातोडीने वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे हलके ठोके द्यायचे. बेअरिंग आपल्या बैठकीत वळते आणि बारच्या टोकाला कपलर शोधू देते. हे न करता थेट इंजिनाचे माउंट फिरवायला घेणारे लोक संध्याकाळपर्यंत फिरवतच बसतात.

ठोक्यांनंतर बार आत गेला, पण जोर लावून. मग ग्रीस. बारचे पुढचे टोक पुसून कोरडे केले, त्यावर बोटाने ग्रीसचा पातळ, सारखा थर दिला, बार न फिरवता सरळ आत घातला आणि सरळच बाहेर काढला. टॉर्च तिरपी धरून पाहिले. कपलरच्या प्रत्येक दात्याने ग्रीसमध्ये एक रेघ ओढायला हवी आणि त्या रेघा सगळीकडून सारख्या खोल हव्यात. आमच्या बारवर एका बाजूला रेघा अगदी लोखंडापर्यंत गेलेल्या होत्या आणि त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला ग्रीस जसेच्या तसे होते. कुठे काही मोजायला नको, आकडे नकोत. एक बोटभर ग्रीस सगळे सांगून गेले.

पण टूलरूमच्या माणसाला एवढ्यावर विश्वास बसत नाही. ठसा एका बाजूला आहे, हे दिसले. पण तो इंजिन खाली बसल्यामुळे आहे, की आधीच्या कामात कपलरच फ्लायव्हीलवर थोडा तिरका बसला आहे? दोन्ही वेळा ठसा एका बाजूलाच पडणार. याचा उलगडा करायला इंजिनाचे स्पार्क प्लग काढले, क्रँकच्या पुलीवरच्या बोल्टला पाना लावून इंजिन पाव फेरा हाताने फिरवले, पुन्हा ग्रीस, पुन्हा बार. असे चार वेळा. कपलर तिरका असता तर ठसाही त्याच्याबरोबर पाव-पाव फेरा फिरला असता. आमचा ठसा चारही वेळा एकाच बाजूला राहिला. कपलर निर्दोष होता. इंजिनच जागेवर नव्हते.

या इंजिनाचे चार आधार असतात. मागचे दोन ट्रान्समच्या आतल्या जाड पट्ट्यावर बोल्टने आवळलेले, त्यांना वर-खाली करायची सोय नसते. पुढचे दोन, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, रबरी माउंट असतात आणि त्यांच्यावर उंची कमी-जास्त करायला नट असतात. म्हणजे मागचा भाग बिजागरीसारखा स्थिर आणि सगळा खेळ पुढून. मित्र म्हणाला, “मग फिरव की नट, काम झाले.” नट फिरवून त्या दिवशी काम झालेही असते, आणि दिवाळीला हा तिसरा कपलरही गेला असता.

मी आधी पुढच्या माउंटच्या पायाशी हात घालून पाहिला. हे पाय तळाच्या लांबीतून जाणाऱ्या तुळयांवर, म्हणजे स्ट्रिंगरवर, जाड लाकडी स्क्रूंनी बसवलेले असतात. या तुळया वरून फायबरने मढवलेल्या, आत लाकूड. डाव्या पायाखालचे फायबर खचून त्यात पायाचा ठसा उमटला होता. त्याची खोली डेप्थ गेजने आठ मिलिमीटर भरली. उजवीकडे जेमतेम दोन. डाव्या पायाच्या स्क्रूला बॉक्स पाना लावला तर तो सुटला नाही, घट्टही झाला नाही. नुसताच गरागरा फिरत राहिला. शेवटी मामांनी तो बोटांनीच उपसून काढला. त्याच्या आट्यांत उकळून फेकलेल्या चहाच्या चोथ्यासारखे काळे, ओले लाकूड अडकले होते आणि वासही तळघराचा येत होता. स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षे पाणी मुरत गेले होते, लाकूड आतून कुजले होते, आणि वरचे फायबर मात्र रंग लावल्यामुळे धडधाकट दिसत होते.

मग कागदावर हिशेब मांडला. डावीकडे आठ, उजवीकडे दोन, म्हणजे इंजिनाचा पुढचा भाग मध्यावर सरासरी पाच मिलिमीटर खाली. मागच्या माउंटपासून पुढच्या माउंटपर्यंतचे अंतर आमच्या मोजमापात सुमारे साठ सेंटिमीटर, आणि कपलरपासून गिंबल बेअरिंगपर्यंत सुमारे वीस. पुढे पाच मिलिमीटर खाली गेले तर वीस सेंटिमीटर अंतरावर फरक पडतो त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे दीड मिलिमीटरहून थोडा जास्त. पाच मिलिमीटर ऐकताना मित्राला काहीच वाटले नाही. पण पंप-मोटारीच्या कपलिंगला मी दीड मिलिमीटर फरक सोडून दिला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला येईल, आणि इथे तो फरक ताठ शाफ्ट रोज गिळत होता.

तुलनेसाठी सांगतो, सरळ शाफ्टच्या इनबोर्ड बोटीत शाफ्ट आणि गिअर जोडणाऱ्या दोन चकत्यांच्या, म्हणजे फ्लँजच्या, मधली फट फिलर गेजने चारही बाजूंनी मोजतात आणि फ्लँजच्या दर इंच व्यासामागे एक थाउ (इंचाचा हजारावा भाग) एवढाच फरक चालवून घेतात. म्हणजे चार इंची फ्लँजला चार थाउ, मिलिमीटरमध्ये सांगायचे तर एक दशांश. आणि ते काम बोट पाण्यात तरंगत असताना करतात, कारण जमिनीवर ठेवलेल्या बोटीचा तळ वेगळ्या तऱ्हेने दाबला जातो. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन आणि बेअरिंग दोन्ही ट्रान्समला बांधलेले असल्यामुळे आणि ड्राइव्ह काढल्यावर मागे मोठे भगदाड राहत असल्यामुळे हे काम जमिनीवरच करावे लागते. तरी ट्रेलरचे आधार कुठे आहेत ते पाहावेच. आमच्या ट्रेलरचे मागचे लाकडी आधार ट्रान्समच्या दीड फूट आधीच संपत होते आणि इंजिनाचा सगळा भार अधांतरी लोंबत होता. आम्ही ट्रान्समच्या अगदी खाली सागाचे दोन ठोकळे देऊन तो भार उचलला आणि मगच पुढचे मोजमाप खरे मानले.

तुळईच्या दुरुस्तीबद्दल फार लिहीत नाही, कारण ते काम फायबरवाल्याचे होते आणि त्याने ते उत्तम केले. इंजिनाचा पुढचा भाग चेन कप्पीने टांगून ठेवला, माउंटखालचे फायबर कापून कुजलेले लाकूड ठणठणीत भागापर्यंत उकरून काढले, मे महिन्याच्या नाशिकच्या उन्हात ते चार दिवस वाळू दिले, मग सागाचा ठोकळा इपॉक्सीत बसवून वर फायबरचे थर दिले. स्क्रूची भोके मुद्दाम मोठी पाडून इपॉक्सीने भरली आणि ती कडक झाल्यावर त्यातच पुन्हा बारीक भोक पाडले, म्हणजे पुढे स्क्रूमधून पाणी मुरले तरी लाकडापर्यंत पोहोचणार नाही. माउंटच्या पायाखाली स्टेनलेसची जाड पट्टी दिली. ही पट्टी कारखान्यातून आलेली असती तर बाकीचे सगळे वाचले असते, असे मला अजूनही वाटते.

इंजिन पुन्हा बसले. आता नट. माउंटच्या आट्यांचा पिच मोजला तर एका फेऱ्याला साधारण दीड मिलिमीटर, म्हणजे बारच्या टोकापाशी अर्धा मिलिमीटर. दोन्ही बाजूंचे नट सारखेच फिरवायचे, एकाला अर्धा फेरा तर दुसऱ्यालाही अर्धा, नाहीतर इंजिन एका खांद्यावर कलते आणि माउंटचे रबर पिळले जाते. दर वेळी बार पुसायचा, ग्रीस लावायचे, घालायचा, काढायचा, टॉर्चने पाहायचे. पहिल्या अर्ध्या फेऱ्याला रेघा बारच्या अर्ध्या परिघापर्यंत आल्या. दुसऱ्या अर्ध्या फेऱ्याला पाऊण. मग पाव फेरा, आणि बार दोन बोटांत धरून सोडला तर तो आपल्याच वजनाने थोडा पुढे गेला, बोटाने ढकलला तर शेवटपर्यंत गेला. रेघा सगळीकडून सारख्या. मामांनी बार स्वतः तीन वेळा घालून पाहिला आणि तिसऱ्या वेळी डोळे मिटून घातला.

त्यानंतर मी लॉक नट आवळला आणि सगळे बिघडले. बार पुन्हा जोर मागू लागला. असे होतेच, आणि ते माहीत नसले तर माणूस आवळून, ड्राइव्ह चढवून, समाधानाने घरी जातो. लॉक नट आवळताना खालचा नट थोडा फिरतो, आटे एका बाजूला दाबले जातात, माउंटचे रबरही बसते. आम्हाला तीनदा सोडवून आवळावे लागले, शेवटच्या वेळी खालचा नट दुसऱ्या पान्याने घट्ट धरून. आवळल्यानंतरची तपासणी तीच खरी, सैल नटांवरची नव्हे. क्रँक पुन्हा पाव-पाव फेरा फिरवून चारही जागी बार घातला आणि मग लॉक पट्टीचे कान दुमडले.

ड्राइव्ह चढवण्याआधी शाफ्टवरच्या तीन ओ-रिंग नव्या घातल्या, स्प्लाइनला कपलरसाठीचे खास ग्रीस लावले, गिंबल बेअरिंगमध्ये बाहेरच्या निपलमधून ग्रीस भरले, बेल हाउसिंगचा गॅस्केट बदलला आणि सहा नट समोरासमोर आळीपाळीने टॉर्क पान्याने 50 फूट-पाउंडला आवळले. बार जिथे दोन बोटांनी गेला होता तिथे ड्राइव्हही झटापट न करता बसला. शाफ्टचे दाते जुळायला मामांनी मागून पंखा एकदा किंचित फिरवला, एवढेच. ड्राइव्ह बसवताना जर चेन कप्पीने, जॅकने, खांद्याने रेटावे लागत असेल तर थांबून पुन्हा बार घालावा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस सुरू होण्याआधी, बोट गंगापूर धरणाच्या पाण्यात उतरवली. पाणी उन्हाळ्यामुळे बरेच मागे गेले होते आणि ट्रेलर चिखलापर्यंत न्यावा लागला. बोट चालवणारा मुलगा आधीच्या प्रसंगांमुळे थ्रॉटल पुढे ढकलायलाच घाबरत होता. त्याला मी म्हटले, पूर्ण डावीकडे वळव, मग पूर्ण उजवीकडे, कारण घरघर वळणावरच येते. त्याने दोन्हीकडे वळवून पाहिले, कान मागे लावून बसला, आणि म्हणाला, “काका, आता फक्त पाण्याचाच आवाज येतोय.” मी इंजिनाचे झाकण उघडून मागे हात लावला, कापल्यासारखी जी थरथर आधी ट्रान्समपर्यंत जाणवायची, ती नव्हती.

उत्पादकाच्या पुस्तकात हे सेंटर वर्षातून एकदा किंवा शंभर तासांनी तपासायला सांगितलेले असते. नवे लाकूड, नवे रबर आणि माझा संशयी स्वभाव यांमुळे मी मित्राला पन्नास तासांनीच बोट आणायला लावली. डिसेंबरमध्ये ती आली तेव्हा बेलोमध्ये काळी पूड नव्हती. बार घातला तर तो गेला, पण शेवटच्या बोटभर अंतराला किंचित अडला आणि रेघा एका बाजूला जरा जास्त खोल होत्या. नवा ठोकळा आणि माउंटचे रबर थोडे बसले होते. दोन्ही नटांना अष्टमांश फेरा दिला, लॉक नट आवळले, पुन्हा तपासले. वेळ लागला सगळा ड्राइव्ह काढण्यात आणि घालण्यात. नट फिरवायला पाच मिनिटेही लागली नाहीत.

बार आता वर्कशॉपच्या भिंतीवर तेलकट फडक्यात गुंडाळून टांगलेला असतो. मामांनी त्याच्या जाड टोकावर एका बाजूला पंचने ‘बोट’ एवढेच ठोकून ठेवले आहे, म्हणजे कुणी नवा पोरगा भंगारातला तुकडा समजून तो बुश बनवायला लेथवर चढवणार नाही.